पाया आणि रुजुवात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजारात उभे राहिले म्हणजे इतिहास फार दूर गेला आहे असे वाटत नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी दिली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. म्हणून तर या भागास अद्यापि ‘लष्कर’ हेच नाव आहे. बाजाराच्या नावात एक मराठी आडनाव टिकून राहिले आहे. व्यापाऱ्याच्या गल्ल्याशेजारी पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी असे. पुढे तेथे आकडेमोडीचे यंत्र आले, मग संगणक आला. आणि आता हातातल्या फोनवर विचारलेल्या प्रश्नास शुद्ध भाषेत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. पेढी असो, पतसंस्था असो, शाळा असो वा इस्पितळ असो, प्रत्येक संस्थेपुढे आज एकच प्रश्न उभा आहे. हे नवे साधन घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणत्या रीतीने?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम फार दूर जाण्याचे कारण नाही. ग्वाल्हेर शहराला पाणी मुख्यतः तिघरा जलाशयातून मिळते. शहराच्या नळांना येणाऱ्या या पाण्याचा माग काढीत गेले, तरी नवे यंत्र कसे आणावे आणि कसे आणू नये, याचा मोठा पाठ हाती लागतो. त्या पाठाचा आरंभ मात्र ग्वाल्हेरीस होत नाही. तो पुण्याजवळ खडकवासल्यास होतो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. खडकवासल्याच्या तलावावर त्या काळी पुणे शहर, तेथील लष्करी छावणी आणि कालव्याखालची शेती अशा तिघांचा भार होता. उन्हाळ्यात पाणी पुरत नसे. आणि पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून सहा ते आठ फूट जाडीचा प्रवाह निरुपयोगी वाहून जाई. भिंत उंच करावी, तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामास धोका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविण्याची योजना आखली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढेतो हे दरवाजे ते अडवून धरीत. पातळी ओलांडली की आपोआप उघडून जादा पाणी सोडून देत. आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. १९०३ च्या सुमारास हे काम झाले आणि भिंतीची उंची न वाढविता तलावाचा साठा सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढला.

माणसाने हात न लावता स्वतःच ‘निर्णय’ घेणारे हे यंत्र होते. परंतु त्याच्या यशाचे मर्म केवळ त्याच्या चतुर रचनेत नव्हते. यंत्राच्या आधी गरज निश्चित झालेली होती: किती पाणी वाया जाते, कोणत्या महिन्यांत जाते आणि त्याची उणीव कोणास भासते, हे मोजून माहीत होते. शिवाय यंत्राची मर्यादा ठरलेली होती. पूर्वी पुराच्या वेळी पाणी ज्या उंचीपर्यंत चढे आणि जी उंची जुन्या भिंतीने अनेक वर्षे सोसलेली होती, तिच्या आतच नवा साठा राखावयाचा होता. भिंतीस जे झेपते हे सिद्ध झाले होते, तेवढेच तिच्यावर लादले गेले. ‘नवे आहे म्हणून आणा’ असा विचार त्यात कोठेही नव्हता.

याच धर्तीचे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूर संस्थानातील कृष्णराजसागरावर बसविण्यात आले. तिघरा येथे धरणाची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. माधवराव महाराज शिंदे (१८७६-१९२५) हे उद्योगी आणि नव्या विद्येची आवड असलेले संस्थानिक होते. त्यांच्या राज्यात अरुंद मापाची आगगाडी धावली, पाटबंधारे झाले, कारखाने निघाले. त्याच उत्साहाच्या काळात सांक नदीवर सुमारे २४ मीटर उंचीची आणि सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीची दगडी भिंत उभी राहिली. १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात ही भिंत फुटली. पायाखाली वालुकाश्माचे थर होते. त्या थरांत पाणी मुरले, खालचा आधार गेला, आणि वरची भक्कम दिसणारी भिंत टिकू शकली नाही. नदीकाठच्या गावांत मोठी मनुष्यहानी झाली. धरण पुढे पुन्हा उभारण्यात आले, आणि आजचे शहर त्याचेच पाणी पिते. परंतु १९१७ सालच्या त्या पावसाळ्यात नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या माणसांना पायाच्या खडकाविषयी कोणी विचारले नव्हते. आणि किंमत मात्र त्यांनीच दिली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करणाऱ्या संस्थेने हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. या यंत्राचा पाया म्हणजे त्यास शिकविण्यासाठी दिलेल्या जुन्या नोंदी होत. यंत्र त्या नोंदींतून रूढ वळणे उचलते आणि त्याच वळणाने पुढचे उत्तर देते. नोंदीत चूक असेल, तर यंत्र ती चूक शिकते. नोंदीत पक्षपात असेल, तर यंत्र तो पक्षपात नियम म्हणून मान्य करते. अमेरिकेतील अमेझॉन कंपनीने नोकरीच्या अर्जांची छाननी करणारे असे एक साधन तयार करून पाहिले होते. आधीच्या दहा वर्षांतील अर्जांवर ते शिकविले गेले, आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी स्त्रियांचा उल्लेख आला की ते साधन अर्जाचे मोल कमी करू लागले. कंपनीने तो प्रयोग सोडून दिला, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. भिंत उत्तम होती; खडक पाझरत होता.

आपल्याकडील लहान संस्थांचीही गोष्ट यापेक्षा निराळी नाही. एकाच सभासदाचे नाव तीन वह्यांत तीन प्रकारे लिहिलेले असते. मृत खातेदाराचे खाते जिवंत असते. मराठी नावाचे हिंदी वा इंग्रजी कागदावर भलतेच रूप झालेले असते. अशा दप्तरावर बुद्धिमान यंत्र बसविले, तर गोंधळ नाहीसा होत नाही. तो अधिक वेगाने आणि अधिक सुबक अक्षरात बाहेर पडतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी दप्तर साफ करणे हे पहिले काम होय. त्यात मिरवण्यासारखे काही नसते, आणि म्हणूनच ते बहुधा टाळले जाते.

पुण्याच्या पाण्याने आणखी एक पाठ दिला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते, आणि तशा स्थितीत त्या पावसाळ्याचे पाणी त्यात साठले. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला, आणि इतकी वर्षे निष्ठेने उभे राहिलेले ते जुने धरणही त्याने फोडले. खडकवासल्याचे गणित नदीच्या नेहमीच्या पुरांचे होते. वरचे एक संपूर्ण धरण रिते होऊन अंगावर येईल, ही गोष्ट त्या गणितात नव्हती. शिकविलेल्या यंत्राचेही असेच असते. जे पूर्वी घडून गेले, त्याच्यासारखे काही पुढे आले तर ते चांगले चालते. सर्वस्वी नवा प्रसंग आला म्हणजे तितक्याच आत्मविश्वासाने ते चुकते. म्हणून अपुऱ्या साधनावर सगळा कारभार एकदम सोपविणे आणि जुनी व्यवस्था त्याच दिवशी मोडून टाकणे, ही कार्यक्षमता नव्हे. तो केवळ उतावीळपणा होय.

पाया तपासला, घाई टाळली, तरी एक प्रश्न उरतोच. यंत्राच्या कामावर नजर कोणी ठेवावी? येथे मराठ्यांच्या जुन्या दप्तराची आठवण होणे स्वाभाविक आहे. पेशवाईत मामलतदार वा कमाविसदार हा महालाचा प्रमुख अधिकारी असे. तथापि त्याच्या शेजारी फडणीस, मुजुमदार, पोतनीस इत्यादी दरखदार नेमलेले असत. हिशेब एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा, रोकड तिसऱ्याने सांभाळावी अशी कामाची विभागणी असे. विशेष हे की, या दरखदारांस काढून टाकण्याचा अधिकार खुद्द मामलतदारास नसे. तपासणाऱ्याची भाकरी ज्याचे काम तपासावयाचे त्याच्या हाती नव्हती, ही त्या व्यवस्थेतील शहाणपणाची गोष्ट होती. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहण्यास मराठीत ‘रुजुवात’ असा शब्द आहे. लिहिणारा कितीही हुशार असला, तरी रुजुवात झाल्यावाचून कागद पक्का होत नाही, हा या शब्दामागचा भाव आहे. ती व्यवस्था नेहमीच निर्दोष चालली असे नाही; उत्तर पेशवाईत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या आणि तपासणीचे तेज गेले. परंतु तत्त्व खोटे ठरले नाही. तत्त्व सोडल्याचे फळ मात्र दिसून आले.

स्वतंत्र भारतात संगणक आला तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे ठरविताच कर्मचारी संघटनांनी विरोध केला. कलकत्त्यास तो विशेष तीव्र होता. यंत्र आले तर माणसे घरी बसतील, हे भय खोटे म्हणून झटकून टाकण्याजोगे नव्हते. सरकारने १९६९ साली स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बँकांत संगणक आले ते पुढे १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाल्यानंतर. याच सुमारास, १९८५-८६ मध्ये, रेल्वेने दिल्लीस संगणकाद्वारे आरक्षण सुरू केले. पूर्वी प्रत्येक गाडीची वही निराळी आणि खिडकीही निराळी असे. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा त्रास कमी झाला, म्हणूनच लोकांनी हे यंत्र आपले मानले. खिडकीमागचा कारकून तेथेच राहिला. त्याच्या हातातील साधन तेवढे बदलले. बोलणी करण्यात गेलेली वर्षे वाया गेली असे तेव्हा पुष्कळांस वाटले असेल. परंतु ज्यांनी यंत्र चालवावयाचे त्यांच्याशी बोलून आणलेले यंत्र कचेरीत रुजते, आणि त्यांच्यावर लादलेले यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते.

रुजुवात सोडली म्हणजे काय होते, याचे आधुनिक काळातील सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडच्या टपाल खात्याचे आहे. तेथे १९९९ पासून टपाल कचेऱ्यांच्या हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणक व्यवस्था बसविण्यात आली. व्यवस्थेत दोष होते; तिच्या हिशेबात न झालेली तूट दिसे. गावोगावच्या उपडाकपालांनी तक्रारी केल्या, तेव्हा त्यांच्यावरच अफरातफरीचे आळ आले. संगणक बरोबर चालत आहे असे गृहीत धरण्याकडे तेथील न्यायालयांचाही कल होता. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांवर खटले होऊन त्यांस दोषी ठरविण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घरदार विकले, काहींनी प्राण दिला. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने व्यवस्थेतील दोष मान्य केले, आणि अखेर २०२४ साली कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

ही व्यवस्था म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. साधे हिशेबाचे यंत्र होते. साध्या यंत्राच्या शब्दावर आंधळा विश्वास टाकल्याने एवढा अनर्थ होतो, तर स्वतःच्या उत्तराचे कारणही नीट सांगू न शकणाऱ्या यंत्राबाबत किती सावध राहावयास हवे, हे उघड आहे. नेदरलँडमध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात फसवणूक शोधण्यासाठी करखात्याने जोखीम ठरविणारी संगणक पद्धती वापरली. तीत नागरिकत्वाचाही विचार होई. हजारो निरपराध कुटुंबांवर वसुली लादली गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. दोन्ही ठिकाणी यंत्र चुकले ही गोष्ट क्षम्य मानता येईल. ‘तुमची चूक होत आहे’ असे सांगणाऱ्या माणसाचे ऐकण्यास कोणी जागेवर नव्हते, ही गोष्ट क्षम्य नव्हे.

याचा अर्थ नव्या साधनाकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. जुन्या मराठी घराण्यांच्या पेट्यांत आणि सरकारी दप्तरखान्यांत मोडी लिपीतील असंख्य कागद पडून आहेत, आणि ते वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. २०२५ साली रुरकी येथील आय. आय. टी. च्या संशोधकांनी मोडी कागदांची २,०४३ चित्रे आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांचा संच तयार करून मोडी वाचू शकणारे यंत्र शिकविण्याचा प्रयत्न पुढे मांडला. येथे गरज स्पष्ट आहे, शिकविण्याचा पाया जाणकारांनी घातलेला आहे, आणि यंत्राने लावलेले वाचन मूळ कागदाशी ताडून पाहता येते. यंत्राने पहिला मसुदा करावा आणि जाणकाराने रुजुवात करावी, अशी कामाची वाटणी येथे सहज बसते. जमिनीच्या वादात मात्र असेच वाचन रुजुवातीवाचून पुढे केले, तर एका अक्षराच्या फरकाने एखाद्याचे शेत जाईल. साधन एकच, त्याच्या वापराने कोणाचे काय बिघडू शकते, यावरून तपासणीची कडक वा सौम्य रीत ठरवावयाची.

न्यायदानाच्या क्षेत्रात हे भान येऊ लागले आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधीच न झालेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयापुढे ठेवले आणि दंड भरला. आपल्याकडे केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर केले: निष्कर्ष काढणे, निकाल देणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेने करावयाची नाहीत, साह्यापुरता तिचा वापर झाला तर त्यावर माणसाची देखरेख हवी आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदाही केला आहे.

मोठ्या न्यायालयास जे लागू, ते आपल्या मापाने लहान पतसंस्थेसही लागू आहे. आपली नेमकी कोणती अडचण दूर करावयाची, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर यंत्राची वेळ अद्याप आलेली नाही. पहिला प्रयोग अशा कामावर व्हावा की ज्यात चूक झाली तरी कोणाचे पोट मारले जाणार नाही: पत्राचा मसुदा करावा, सभेच्या वृत्तांताचा गोषवारा काढावा, जुन्या कागदांची सूची करावी. काही महिने जुनी आणि नवी रीत शेजारी शेजारी चालवून फरक मांडावा. सभासदाची माहिती परक्याच्या यंत्रात घालण्यापूर्वी ती कोठे जाते आणि कोठे राहते, याची चौकशी करावी. कर्ज नाकारणे, विद्यार्थ्यास नापास करणे, नोकराला काढणे अशा निर्णयाखाली एका हयात माणसाची सही असावी. आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला, त्यास कारण विचारण्याची खिडकी उघडी असावी. ‘यंत्राने सांगितले’ हे उत्तर त्या खिडकीवर कधीही मिळता कामा नये. तपासणाऱ्यास, यंत्र आणणाऱ्या वरिष्ठाची मर्जी न राखता, दोष लिहून ठेवण्याची मुभा असावी. दरखदाराचे पद गेले. त्याचे काम गेलेले नाही.

या सर्वांत खर्च आहे, वेळ आहे, आणि थोडा कमीपणाही आहे; कारण शेजारच्या संस्थेने यंत्र आणले असता आपण अद्याप वह्याच साफ करीत बसलो आहो, असे लोकांस दिसते. परंतु खडकवासल्याचे दरवाजे बसविण्यापूर्वी कोणीतरी सांडव्यावरचे पाणी मोजले होते. आणि त्या मोजणीचा गाजावाजा कोणी केला नसेल. जे यंत्र आज प्रत्येक दारी येऊन उभे आहे, त्याच्या वेगाचे कौतुक जरूर करावे. मात्र त्याच्या पायाखाली कोणता खडक आहे, आणि भिंतीच्या खालच्या अंगास कोणाची घरे आहेत, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्यास आत घेऊ नये.

पाटणकर बाजारात उद्याही दुकाने उघडतील, हिशेब लिहिले जातील, आणि शहराच्या नळांना तिघऱ्याचे पाणी येईल. ज्या धरणाने एकदा शेकडो संसार बुडविले, त्याच्याच जागी पुन्हा उभारलेले धरण आज एका शहराची तहान भागवीत आहे. पाणी तेच आहे आणि नदीही तीच आहे. मधल्या काळात माणसे एवढेच शिकली की, भिंतीची उंची पाहून निश्चिंत होऊ नये; खाली उतरून पाया पाहावा, आणि रोज पाहावा.